पंधरा वर्षांची गाडी आणि पाना हाती घेतलेला तरुण

गेल्या ऑगस्टमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वीस वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दुप्पट केले. मोटारीसाठी १०,००० रुपये, दुचाकीसाठी २,००० रुपये. पंधरा ते वीस वर्षे वयाच्या मोटारीसाठी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये भरावे लागतातच. त्याआधी तेच काम ६०० रुपयांत होत असे. त्या बातमीचे शीर्षक मीच केले होते. आकडे पुन्हा एकदा पडताळले, बातमी सोडली आणि पुढच्या कामाला लागलो. महिनाभराने माझ्या मावसभावाचा फोन आला. “दादा, ते पाच हजार आपल्याला लागू की दहा?” असे त्याने विचारले, तेव्हा आपण ज्या आकड्याला शीर्षकात बसवले तो कुणाच्या तरी महिन्याच्या पगारातून वजा होणार आहे, हे माझ्या ध्यानात आले.

मावसभाऊ चोवीस वर्षांचा. सत्तरी तालुक्यातल्या एका गावी राहतो आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार म्हणून पाळीत काम करतो. दुपारची पाळी रात्री अकराला सुटते. कंपनीची बस फोंड्यापर्यंत सोडते. तेथून वाळपईकडे जाणारी शेवटची बस केव्हाच निघून गेलेली असते. पहिली दोन वर्षे त्याने मोटारसायकलवर काढली. जुलैच्या पावसात, पाणी वाहणाऱ्या रस्त्यावर, मध्यरात्री मोटारसायकल हाकणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगायला नको. तिसऱ्या वर्षी त्याने डिचोलीतील एका निवृत्त शिक्षकांची टाटा इंडिका ६२ हजारांना विकत घेतली. नोंदणी नोव्हेंबर २०१० ची. १,४०५ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन. आता आसपासच्या गावांतले तीन सहकारी त्याच्यासोबत येतात-जातात आणि डिझेलचा खर्च वाटून घेतात. म्हणजे ती गाडी सकाळी सुरू झाली नाही तर एक नव्हे, चार खाडे पडतात. कंत्राटी कामगाराच्या खाड्याला पगार नसतो, हेही वेगळे सांगण्याचे कारण नाही.

जुन्या डिझेल मोटारी घेणाऱ्या तरुणांचा हा वर्ग शहरातल्या वाचकाला सहसा दिसत नाही. ही मंडळी हौसेने जुनी गाडी घेत नाहीत. नव्या मोटारीचा मासिक हप्ता त्यांना झेपत नाही, पेट्रोलवर रोजचे शंभरेक किलोमीटर परवडत नाहीत, आणि रात्रीच्या बसची वाट पाहण्यात अर्थ नसतो. कधीकाळी डिझेल स्वस्त म्हणून शहरातल्या सुस्थित कुटुंबांनी या गाड्या घेतल्या. देशात २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांतील तफावत काही काळ तीस रुपयांच्या घरात गेली होती. गोव्यात मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने त्याच वर्षी पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ काढून टाकला, त्यामुळे आपल्याकडे ती ओढ थोडी सैल झाली. तरी डिझेलच्या गाड्या येतच राहिल्या. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले, तफावत घटली. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा मानके लागू झाली आणि मारुतीसारख्या सर्वांत मोठ्या कंपनीने डिझेल मोटारी बनवणेच थांबवले. पहिल्या मालकांनी त्या गाड्या विकल्या. दुसऱ्या-तिसऱ्या हाती फिरत त्या आता सत्तरी, सांगे, केपे, काणकोण अशा तालुक्यांत येऊन स्थिरावल्या आहेत.

गाडी घेतल्यावर पहिल्याच डिसेंबरात तिने दगा दिला. पहाटे पाचला सत्तरीत चांगलाच गारवा असतो. स्टार्टर फिरे, पांढरा धूर निघे, इंजिन पेट घेत नसे. एका गॅरेजमध्ये दाखवले. तेथे गाडी नीट न उघडताच निदान झाले की डिझेल पंप गेला, काढून पाठवावा लागेल, चौदा हजारांचे काम आहे. मावसभावाचा त्या वेळचा पगार सतरा हजार. पैसे नव्हते, एवढ्या एकाच कारणाने त्याने नकार दिला. शिकण्याची जिद्द वगैरे गोष्टी आपण नंतर जोडतो. आरंभी बहुधा खिसा रिकामा असतो.

त्याला मार्ग दाखवला तो होंड्याजवळ राहणाऱ्या एका वृद्ध मेस्त्रींनी. हे गृहस्थ आयुष्यभर खनिजवाहू ट्रकांची इंजिने बांधत आले. त्यांनी गाडीजवळ येऊन पहिला प्रश्न विचारला तो पंपाविषयी नव्हता. शेवटचे डिझेल कुठून आणि कशात भरले, हा होता. मावसभावाने ते कॅनमधून आणले होते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, तर आधी अर्धा पेला पाणी आले आणि मग डिझेल. त्यानंतर फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबून दाबून नळीतली हवा काढली. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडीने हवा धरली’ असे म्हणतात. माझ्यासारख्या मराठीच्या पदवीधराला हा शब्दप्रयोग पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही पारिभाषिक संज्ञेहून सरस वाटतो. तिथे ‘अंतःक्षेपक’ म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते त्याला गोव्यातले सगळे गॅरेज ‘नोझल’ म्हणते. स्क्रूचे पेच झिजले की ‘आटे गेले’, एक सिलिंडर पेटत नसला की ‘मिसिंग’. ही परिभाषा शासनाने घडवली नाही, आणि म्हणूनच ती चालते.

पाणी काढल्यावरही सकाळी गाडी कुरकुरतच होती. मग हीटर प्लगची पाळी आली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. जुन्या इंडिकासारख्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न पडता बाजूच्या छोट्या कक्षात पडते. त्या कक्षाच्या भिंती थंड असल्या तर हवेची उष्णता तिथेच शोषली जाते. म्हणून सुरुवातीला कक्ष तापवायला प्रत्येक सिलिंडरमागे एक, असे चार प्लग असतात. साधा मल्टिमीटर लावला की कोणता प्लग मेला ते कळते: चांगला प्लग एखाद्या ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी रोध दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. चारपैकी दोन मेले होते. मल्टिमीटर, दोन प्लग, नवा फिल्टर आणि मेस्त्रींच्या घरी नेलेली केळी धरून एकूण खर्च दोन हजारांच्या आत झाला. चौदा हजारांचा पंप आजही त्याच गाडीत आहे आणि चालतो आहे.

या प्रसंगावरून गॅरेजवाले सगळे लबाड, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. चुकीचे निदान बहुतेकदा लबाडीतून होत नाही. तपासणीला वेळ लागतो आणि तपासणीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, यातून होते. आपण बदललेल्या सुट्या भागाचे पैसे निमूटपणे मोजतो, पण ‘तासभर पाहिले, बिघाड शोधला’ याचे तीनशे रुपये मागितले की कपाळाला आठी पडते. मग मेकॅनिकही भाग बदलण्याच्याच वाटेने जातो. जो मालक स्वतः तास घालवू शकतो त्याच्यासाठी दुरुस्ती स्वस्त होते, ती याच कारणाने.

मावसभावाची पुढची शिदोरी मात्र फुकटात आली नाही. ऑइल बदलताना त्याने तळाचा बोल्ट अंगातला सगळा जोर लावून आवळला आणि आटे घालवले. चेंबर काढून नवे आटे पाडण्यात साडेतीन हजार गेले. रस्त्याकडेच्या दुकानातून निम्म्या किमतीत घेतलेला फिल्टर महिन्याभरात विरघळल्यासारखा झाला. खोक्यावर नाव नामांकित कंपनीचे होते, माल कुणाचा ते देव जाणे. आणि एकदा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तो शिरला होता, हे मेस्त्रींना कळले तेव्हा त्यांनी त्याला पंधरा दिवस अंगणात येऊ दिले नाही. चाकाखाली लोखंडी घोड्या लावल्याशिवाय गाडीखाली जायचे नाही, हा नियम तो त्या पंधरवड्यात शिकला. दुरुस्तीच्या चित्रफिती पाहून शिकणाऱ्या मुलांना मोबाइलच्या पडद्यावर हे पंधरा दिवस दिसत नाहीत.

मेस्त्रींविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण गोव्यातील डिझेलचे ज्ञान कुठून आले याचे उत्तर त्यांच्यात आहे. डिचोली, साखळी, होंडा, उसगाव, सावर्डे, कुडचडे या पट्ट्यात खनिजवाहतुकीने हजारो ट्रक उभे केले आणि त्या ट्रकांनी गॅरेजे. दिवसाला जास्तीत जास्त खेपा मारणाऱ्या ट्रकाला दुपारी बंद पडून चालत नसे. म्हणून रस्त्याच्या कडेला, लाल धुळीत, तासाभरात नोझल उतरवून परत बसवणारी माणसे तयार झाली. त्यांच्यापैकी अनेकांनी कोणत्याही संस्थेचे तोंड पाहिले नव्हते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदीची मोहर उठवली. मध्यंतरी काही काळ खाणी चालल्या, पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा ठप्प झाले. ट्रकमालकांच्या कर्जांची, मोर्चांची, मदत योजनांची पुष्कळ चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. गॅरेजांची चर्चा झाली नाही. उभ्या ट्रकाला दुरुस्ती लागत नाही. कित्येक गॅरेजांची पत्र्याची दारे तेव्हापासून बंदच आहेत, आणि जी माणसे हात राखून होती ती आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्याजवळचे शिकून घ्यायला मावसभावासारखा एखादाच तरुण पोहोचतो, तोही अपघाताने.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पण तो पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी आहे; पाळीत काम करणाऱ्याने तिकडे कधी जावे? या संस्थांमध्ये इंजिने आहेत, अवजारे आहेत, शिकवणारी माणसे आहेत, आणि रविवारी ती सारी कुलपात असतात. वाहनमालकांसाठी सहा रविवारांचा वर्ग घेणे ही फार मोठी सुधारणा नव्हे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, म्हणूनच कदाचित ती कुणाला सुचत नसावी.

आता या ज्ञानाच्या मर्यादेकडे येतो. ती न सांगता जुन्या गाडीच्या दुरुस्तीचे कौतुक करणे धोक्याचे ठरेल. इंडिकाच्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात कोणता सिलिंडर मिसिंग करतो हे शोधण्याची जुनी रीत अशी: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचे नट थोडे सैल करायचे. ज्या नळीने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. तिथे नोझल उघडण्याचा दाब शंभर-दीडशे बार असतो. तरीही हात जपावा लागतोच. २००७ नंतर स्विफ्ट, मग डिझायर, व्हिस्टा, मांझा अशा कित्येक गाड्यांत आलेल्या १,२४८ घनसेंटिमीटरच्या फियाट इंजिनात, किंवा कोणत्याही कॉमन रेल इंजिनात, हाच दाब हजार-दीड हजार बारपर्यंत जातो. तिथे चालू इंजिनावर नळी सैल करणे म्हणजे हाताच्या कातडीतून डिझेल आत घुसवणे. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते. आत मांस सडते आणि तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. जुन्या गाडीवर शिकलेला आत्मविश्वास घेऊन तरुण मुलगा मित्राच्या स्विफ्टचे बॉनेट उघडतो, त्या क्षणी खरी भीती आहे. मेस्त्रींनी स्वतः कॉमन रेलला कधी हात लावला नाही आणि मावसभावालाही बजावून ठेवले आहे.

कॉमन रेलच्या गाडीत दुसरी अडचण माहितीची आहे. बिघाडाचा संकेतांक वाचणारे छोटे उपकरण हजार रुपयांच्या आत मिळते, पण त्या संकेतांकापुढची पायरी, म्हणजे नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याची ओळख गाडीच्या संगणकाला करून देणे, ही कंपनीच्या सॉफ्टवेअरविना सहसा होत नाही. हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना त्यांच्या उलाढालीच्या दोन टक्के, एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरचा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. उसगावच्या गॅरेजवाल्याला यातून काय मिळाले, असे मी त्याला विचारले. त्याने मला तो पत्ता लिहून मागितला. त्याने नावच ऐकले नव्हते.

आणि धूर? जुन्या डिझेल गाडीचा कैवार घेणाऱ्याने हा प्रश्न टाळता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात केला. २०१० च्या गाडीत धुरातील काजळी अडवणारी गाळणी नाही. कितीही चांगली राखली तरी ती भारत स्टेज सहाच्या गाडीएवढी स्वच्छ होणार नाही. या गाड्या रस्त्यावरून कधी तरी जायला हव्यात, याविषयी दुमत असू नये. वाद आहे तो कोणत्या निकषावर आणि कुणाच्या खर्चाने, एवढाच.

आजचा मुख्य निकष वय हा आहे. दिल्लीने तो सर्वांत कठोरपणे लावून पाहिला. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती कायम केली. जुलै २०२५ च्या पहिल्या तारखेपासून अशा वाहनांना पंपावर इंधनच द्यायचे नाही, असा फतवा निघाला आणि काही दिवसांतच गुंडाळला गेला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नका असे सांगितले. डिसेंबरमध्ये तोच आदेश बदलून हे संरक्षण भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या वाहनांपुरतेच ठेवले. वय, मग वय नको, मग मानक, असा हा प्रवास आहे. त्यातला शेवटचा टप्पा मला अधिक समंजस वाटतो, कारण मानकाचा संबंध निदान धुराशी तरी आहे.

गोव्यात अशी बंदी नाही. येथे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी, योग्यता तपासणीनंतर, पाच वर्षांसाठी नूतन करता येते. तत्त्वतः ही व्यवस्था वयाकडे नव्हे, प्रकृतीकडे पाहते. मग शुल्क मात्र प्रकृतीकडे पाहत नाही ते का? नीट राखलेल्या आणि धूर ओकणाऱ्या अशा दोन्ही गाड्यांना पाच हजारच. उशीर झाला तर दर महिन्याला पाचशे रुपये वाढतात. ज्याच्याजवळ पाच हजार साठायला तीन महिने लागतात त्याला साडेसहा हजार पडतात. टॅक्सीवाल्यांची स्थिती याहून कठीण आहे. त्यांच्या योग्यता चाचणीच्या वाढीव शुल्कासाठी पंधरा वर्षांची मर्यादा होती, ती गेल्या नोव्हेंबरात दहावर आणली गेली.

धूर मोजण्याची सोय कायद्यात आहेच. डिझेल वाहनाचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची अपारदर्शकता मोजायची: भारत स्टेज चारपूर्वीच्या वाहनाला मर्यादा ६५ एकके, चारच्या वाहनाला ५०. जुन्या वाहनाने ही चाचणी दर सहा महिन्यांनी द्यायची. कागदावर यात काही उणे नाही. प्रत्यक्षात ॲक्सिलरेटर किती दाबला जातो, नळी धुराड्यात किती आत जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मावसभाऊ एकदा मुद्दाम म्हणून आपल्या गाडीचा आकडा नीट मोजा असे सांगायला गेला, तर तपासणाऱ्याने त्याच्याकडे संशयानेच पाहिले. हवेची गाळणी बदलणे, नोझल तपासून घेणे आणि थर्मोस्टॅट परत बसवणे या तीन कामांनंतर धूर डोळ्यांनाही कमी दिसत होता, आणि त्याला तो आकड्यात पाहायचा होता. (थर्मोस्टॅट काढून फेकणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ‘आपल्या हवेत लागत नाही’ असे म्हणून तो काढला जातो. मग इंजिन नेहमी थंड राहते, डिझेल जास्त खाते आणि धूर सोडते.)

भंगार धोरणाचा लाभ कुणाला, हेही पाहावे. ऑगस्ट २०२१ मध्ये पंतप्रधानांनी ते जाहीर केले. जुने खासगी वाहन अधिकृत केंद्रात मोडीत काढले, तर त्या प्रमाणपत्रावर नव्या वाहनाच्या रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. नवे वाहन घेणाऱ्याला ही सवलत उपयोगाची आहे. इंडिका देऊन आठ वर्षांची जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. खरे तर पर्यावरणाच्या दृष्टीने हीच अदलाबदल सर्वांत स्वस्तात सर्वांत जास्त धूर कमी करणारी ठरेल: जुन्या मानकाची गाडी मोडीत, चौथ्या मानकाची गाडी तिच्या जागी. पण धोरणाची नजर शोरूमच्या काचेपलीकडे जात नाही. अपवाद म्हणून एक गोष्ट नोंदवतो: गेल्या २२ सप्टेंबरपासून सुट्या भागांवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ही घट लहान मोटारींच्या स्वस्ताईच्या गाजावाजात हरवली. जुन्या गाड्यांना मात्र तिचाच आधार आहे.

मावसभावाने वहीत हिशेब ठेवला आहे. तीन वर्षांत दुरुस्तीवर ४१ हजार, त्यात टायमिंग बेल्टचे काम मोठे. तो त्याने गॅरेजमध्येच करून घेतला, स्वतः केला नाही, आणि मला हे त्याच्या शिकण्यातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. बेल्ट एक दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जाते. ब्रेकचेही तसेच, ते काम तो मेस्त्रींसमोर करतो, एकट्याने नाही. विम्याचा तृतीय पक्ष हप्ता करासह वर्षाला ४,०३१ रुपये. नूतनीकरणाचे पाच हजार त्याने दिवाळीच्या बोनसमधून बाजूला काढून ठेवले होते. ऑइल बदलल्यावरचे काळे तेल तो आता कॅनमध्ये साठवून गॅरेजला देतो. पूर्वी ते कुंपणाला आणि लाकडाला फासले जाई, उरलेले ओहोळाकाठी जाई. म्हादईकडे उतरणाऱ्या ओहोळाकाठी राहणाऱ्यांनी याबाबत तरी दिल्लीकडे बोट दाखवू नये.

योग्यता तपासणीसाठी तो गेल्या आठवड्यात गाडी घेऊन गेला. मी रजा घेऊन सोबत गेलो होतो. इंजिन, दिवे, ब्रेक, हॉर्न यांविषयी निरीक्षकांनी काही काढले नाही. धुराच्या चाचणीत ६५ च्या मर्यादेसमोर ३८ आकडा आला आणि मावसभावाने तो मोबाइलवर टिपून घेतला. मग निरीक्षक वाकले आणि डाव्या दाराखालच्या पट्टीवर त्यांनी पेनचे टोक दाबले. पेन आत गेले. पंधरा पावसाळ्यांचा गंज होता. वरून रंग शाबूत, आत पत्रा उरलेला नाही. कापून नवा पत्रा वेल्ड करून आणा, असे त्यांनी सांगितले, आणि ते बरोबरच होते. अपघातात त्याच पट्टीवर दाराचा आणि आत बसलेल्यांचा भार येतो.

उसगावच्या पत्राकामवाल्याने दोन्ही बाजू धरून सात हजार सांगितले. मावसभाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग पैसे दोन हप्त्यांत चालतील का आणि काम होताना बाजूला उभे राहून पाहू द्याल का, असे दोन प्रश्न त्याने विचारले. पत्राकामवाला दोन्हींना हो म्हणाला. डोळ्यांना काळी काच लावून उभे राहायचे, एवढी अट घातली. तपासणीची नवी तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. तोवर चौघे मोटारसायकलवर जात आहेत.